कुष्ठरोगाची औषधे : एका परवानगीचा इतिहास

कारखान्याभोवती वसलेल्या आपल्या जवाहरनगरसारख्या गावात तपासणी म्हणजे काय हे कोणास समजावून सांगावे लागत नाही. आयुध निर्माणीतील माल तपासणी झाल्याखेरीज फाटकाबाहेर पडत नाही, आणि तो तसा पडू नये याविषयी कामगार आणि अधिकारी यांचे कधी दुमत होत नाही. एका लहानशा चुकीची किंमत केवढी असते, हे या वसाहतीला बाहेरून येऊन कोणी शिकवावयास नको. औषधाचे तसेच आहे. औषध हाही एका अर्थी जोखमीचाच माल. तो माणसाच्या पोटात जाण्यापूर्वी कोणीतरी तपासावा, त्याचा गुण आणि अवगुण तोलावा, आणि मग 'हे द्यावयास हरकत नाही' असे सही करून सांगावे, यालाच आपण सरकारी परवानगी म्हणतो.

ही परवानगी मिळाली की औषधाचा प्रवास संपला, अशी आमचीही पुष्कळ वर्षे समजूत होती. आम्ही डॉक्टर नाही. शाळा लवकर सुटली; जे काही वाचले ते कामगार संघटनेच्या कचेरीत, रात्री बैठका आटोपल्यावर. परंतु हमाल, विडी कामगार आणि भातगिरण्यांतील मजूर यांच्यात तीस वर्षे वावरताना एका रोगाने आमची ही समजूत चुकीची ठरविली. तो रोग म्हणजे कुष्ठरोग. आपल्या वडिलांच्या पिढीने त्याला महारोग म्हटले. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या आपल्या पूर्व विदर्भाशी त्याचा संबंध जुना आहे आणि तो अद्याप तुटलेला नाही. म्हणून या रोगावरील औषधांचा इतिहास आज आपल्यापुढे मांडावयाचा आहे.

प्रथम रोगाची ओळख करून घेऊ. नॉर्वेतील बर्गेन या गावी हान्सेन नावाच्या डॉक्टराने १८७३ साली या रोगाचा जंतू पाहिला. तो जंतू फार सावकाश वाढतो. एकाचे दोन व्हावयास त्याला सुमारे बारा ते चौदा दिवस लागतात. त्यामुळे लागण झाल्यापासून चट्टा दिसेपर्यंत कित्येक वर्षे निघून जातात, आणि रोग कोणाकडून आला हे रोग्यालाही सांगता येत नाही. हा जंतू शरीराच्या थंड भागांतील नसांमध्ये घर करतो. कोपराजवळची नस, गुडघ्याखालची नस, चेहऱ्याची नस ही त्याची आवडती ठिकाणे. नस बिघडली की तेथील संवेदना जाते. माणसाला चटका कळत नाही, खिळा कळत नाही. बोटे झडतात ती जंतूने खाल्ल्यामुळे झडत नाहीत. न कळलेल्या जखमा पुनःपुन्हा होऊन आणि चिघळून ती झिजतात.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची आहे. शंभरांतील सुमारे पंच्याण्णव माणसांना हा रोग होतच नाही, कारण त्यांच्या शरीराची प्रतिकारशक्ती जंतूला उभे राहू देत नाही. उरलेल्यांतही ज्याची प्रतिकारशक्ती बरी, त्याला एकदोन चट्टे येतात. ज्याची या एका जंतूपुरती दुबळी, त्याच्या अंगभर रोग पसरतो. आणि कधीकधी हीच प्रतिकारशक्ती एकाएकी खवळून उठते आणि जंतूंबरोबर स्वतःच्या नसांवरही तुटून पडते. घरातील चोर धरण्यासाठी घरच पेटवून द्यावे, तसा हा प्रकार. याला वैद्यकात प्रतिक्रिया म्हणतात. म्हणजे कुष्ठरोग हा जंतूचा रोग आहे आणि शरीराच्या संरक्षणयंत्रणेच्या बिघाडाचाही रोग आहे. पुढे जे सांगावयाचे आहे, त्यासाठी एवढे ध्यानात असू द्यावे.

हान्सेनच्या काळी आपल्याकडे काय होते? सुश्रुताने तुवरकाचे तेल सांगितले आहे. त्याच जातीच्या एका झाडाला कोकणात कडू कवठ म्हणतात. या बियांचे तेल पोटात घेतले की ओकारी येई, म्हणून विसाव्या शतकाच्या आरंभी ते सुईवाटे टोचण्याचे प्रयत्न झाले. कलकत्त्यात लिओनार्ड रॉजर्स यांनी त्यावर बरेच काम केले. हवाई बेटांत ॲलिस बॉल या तरुण कृष्णवर्णीय रसायनशास्त्रज्ञ स्त्रीने १९१५ च्या सुमारास ते तेल शरीरात नीट शोषले जाईल असे त्याचे रूप तयार केले. सुया दुखत, गाठी येत, गुण काहींना येई आणि पुष्कळांना येत नसे. तरीही तीसएक वर्षे जगभर हाच मुख्य इलाज होता.

औषध नसले की त्याची जागा कायदा घेतो. १८९० साली मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर अ‍ॅकवर्थ यांच्या प्रयत्नाने माटुंग्यास निराधार रोग्यांसाठी आश्रयस्थान निघाले. तेच पुढे वडाळ्याचे अ‍ॅकवर्थ रुग्णालय झाले. त्याच सुमारास, १८९०-९१ साली, एक आयोग हिंदुस्थानभर फिरला आणि हा रोग फार थोड्या प्रमाणात सांसर्गिक आहे, असे त्याने सांगितले. तरीही १८९८ साली सरकारने महारोग्यांविषयीचा कायदा केलाच. त्याची कलमे आम्ही मुद्दाम वाचून पाहिली. उपजीविकेचे साधन नसलेल्या किंवा भीक मागणाऱ्या रोग्याला वॉरंटाशिवाय पकडावे, असे त्यात होते. सरकारने बंदी जाहीर केलेल्या भागात रोग्याने खाण्यापिण्याचे पदार्थ तयार करू नयेत अथवा विकू नयेत, सार्वजनिक विहिरीचे पाणी घेऊ नये, भाड्याच्या गाडीत बसू नये, असेही होते. ज्याच्या घरी चार खोल्या आणि गडीमाणसे, त्याला हा कायदा हात लावीत नव्हता. जंतू श्रीमंत-गरीब पाहत नाही. कायद्याने मात्र रोग्यांतून गरीब तेवढे वेचून काढले.

या अंधारात विदर्भात जे दिवे लागले, त्यांची नावे घेतल्यावाचून पुढे जाणे कृतघ्नपणाचे होईल. विनोबांच्या प्रेरणेने मनोहरजी दिवाण यांनी १९३६ साली वर्ध्याजवळ दत्तपूर येथे कुष्ठसेवेचे काम सुरू केले. १९३९ साली परचुरेशास्त्री हे संस्कृत पंडित या रोगाने जर्जर होऊन सेवाग्रामला आले, तेव्हा गांधीजींनी त्यांना आश्रमात ठेवून घेतले आणि स्वतःच्या हातांनी त्यांची मालीश केली. अमरावतीस डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी तपोवन उभारले. बाबा आमटे यांनी १९४९ साली वरोड्यास महारोगी सेवा समिती स्थापन केली, आणि तीतून आनंदवन फुलले. यांपैकी दत्तपूरचे काम सुरू झाले आणि गांधीजींनी परचुरेशास्त्रींची सेवा केली, त्या वेळी खात्रीचे औषध जगात कोठेच नव्हते. औषध हाती नसतानाही माणूस माणसाला जवळ करू शकतो, हे या मंडळींनी दाखवून दिले. पुढे औषध हाती आल्यावर आम्ही काय केले, ते यथाक्रम सांगू.

खात्रीचे औषध आले ते अनपेक्षित दिशेने. १९०८ साली जर्मनीत दोन रसायनशास्त्रज्ञांनी एक पदार्थ तयार केला. त्यांच्या मनात औषधाचा विचारही नव्हता. तो पदार्थ जवळजवळ तीस वर्षे पडून राहिला. १९३७ च्या सुमारास इंग्लंड आणि फ्रान्समध्ये तो इतर जंतूंवर वापरून पाहण्यात आला आणि विषारी म्हणून बाजूस ठेवला गेला. अमेरिकेत लुइझियाना राज्यातील कार्व्हिल येथील कुष्ठरुग्णालयात डॉ. फॅजेट यांनी १९४१ साली त्याच कुळातील प्रोमिन हे औषध शिरेतून देण्यास आरंभ केला, आणि वर्षानुवर्षे न भरलेल्या जखमा भरू लागल्या. प्रोमिन महाग, शिवाय रोज सुई. मग मूळचा पदार्थच, म्हणजे डॅप्सोन, थोड्या मात्रेत का देऊ नये, असा विचार पुढे आला. १९४० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात मद्रासजवळ चिंगलपेट येथे डॉ. कॉक्रेन यांनी आणि नायजेरियात डॉ. लो यांनी तो वापरून पाहिला. पूर्वी जे विष ठरले होते, ते मात्रा फार मोठी दिल्यामुळे ठरले होते. रोज शंभर मिलिग्रॅमची एक स्वस्त गोळी माणसाला सोसवते आणि जंतूला रोखते, हे सिद्ध झाले. ज्यांच्या रक्तात एका विशिष्ट घटकाची जन्मतः उणीव आहे, त्यांचे रक्त मात्र या गोळीने फुटू शकते, हेही कळले. गुण आणि अवगुण एकाच पारड्यात तोलावे लागतात, ते असे.

गोळी खेड्यापर्यंत कशी न्यावयाची, या प्रश्नाचे उत्तर पुन्हा विदर्भातूनच मिळाले. १९५१ साली गांधी स्मारक कुष्ठ प्रतिष्ठान वर्ध्यास निघाले. डॉ. वार्देकर यांनी तेथे जी पद्धत बसविली, ती तीन शब्दांत सांगता येते : पाहणी, प्रबोधन, उपचार. रोग्याला गावाबाहेर काढावयाचे नाही. आपणच घरोघर जाऊन अंग तपासावयाचे, लोकांची भीती घालवावयाची, आणि रोग्याला त्याच्या घरीच गोळी द्यावयाची. १९५५ साली केंद्र सरकारने राष्ट्रीय कुष्ठरोग नियंत्रण कार्यक्रम सुरू केला, तेव्हा त्याने हीच वाट धरली.

येथे गोष्ट संपावयास हवी होती. पण डॅप्सोन जंतूला रोखून धरी, झटपट मारीत नसे. अंगभर पसरलेल्या रोगात ती गोळी वर्षानुवर्षे, कित्येकांना जन्मभर घ्यावी लागे. आता रोजंदारीवरचा मनुष्य डोळ्यांसमोर आणा. चट्टे फिके पडले, दुखणे म्हणून काही नाही, आणि गोळी आणावयाला जाणे म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडविणे. तो गोळी सोडतो, मग पुन्हा घेतो, पुन्हा सोडतो. जंतूला नेमके हेच पाहिजे असते. अर्धवट माराने तो सरावतो. हा जंतू काचेच्या नळीत वाढत नाही, म्हणून सरावला की नाही हे सिद्ध करणेही अवघड होते. १९६० साली अमेरिकेत डॉ. शेपर्ड यांनी तो उंदराच्या तळपायात वाढवून दाखविला, आणि त्या युक्तीच्या आधारे १९६४ साली पेटिट आणि रीस या संशोधकांनी मलायातील रोग्यांत डॅप्सोनला न जुमानणारा जंतू सिद्ध केला. एका औषधावर विसंबून राहण्याचे दिवस संपले.

दोन नवी औषधे तोवर दारात येऊन उभी होती. डब्लिन येथे डॉ. बॅरी आणि त्यांचे सहकारी क्षयावर औषध शोधीत होते. त्यांच्या हाती एक लाल रंगाचा पदार्थ लागला. क्षयरोग्यांवर त्याचा तेव्हा उपयोग दिसला नाही. कुष्ठरोगावर मात्र झाला. तेच क्लोफाझिमिन. जंतू मारण्याबरोबर ते प्रतिक्रियेची आगही शमविते. दुसरे रिफाम्पिसिन. फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील मातीत सापडलेल्या एका सूक्ष्म जीवापासून इटलीतील मिलान येथे ते तयार झाले, आणि १९७० च्या सुमारास कुष्ठरोगावर वापरून पाहण्यात आले. त्याच्या एका मात्रेने थोड्याच दिवसांत बहुतेक सर्व जंतू मरतात, आणि रोग्यापासून दुसऱ्याला असलेला धोका जवळजवळ नाहीसा होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासगटाने १९८१ साली बैठक घेऊन ही औषधे एकत्र देण्याची शिफारस केली. चट्टे थोडे असतील तर सहा महिने. रोग पसरलेला असेल तर आरंभी निदान दोन वर्षे, आणि १९९८ पासून बारा महिने. हीच बहुविध औषधपद्धती. देशात ज्या जिल्ह्यांत ती सर्वांआधी आली, त्यांत वर्धा होता. १९८३ साली भारतात दर दहा हजार लोकांमागे ५७.८ रोगी नोंदलेले होते. डिसेंबर २००५ मध्ये ते प्रमाण एकाच्या खाली आले. १९९५ पासून जागतिक आरोग्य संघटनेमार्फत ही औषधे फुकट मिळू लागली. प्रथम जपानच्या निप्पॉन फाउंडेशनने आणि २००० पासून नोव्हार्टिस या कंपनीने त्यांचा पुरवठा केला.

गुण सिद्ध झाला, सरकारने मान्यता दिली, किंमत शून्य झाली. आता अडावे असे काय उरले? येथे आम्हांस आमच्याच घरची एक गोष्ट सांगावी लागते, आणि ती सांगताना मान वर राहत नाही.

१९९४ च्या सुमाराची ही गोष्ट. या जिल्ह्यातील एका भातगिरणीत हमालीचे दर वाढवून घेण्यासाठी आमची संघटना झगडत होती. तेथे एक हमाल होता. तांदळाचे कट्टे वाहण्यात त्याचा हात धरणारा दुसरा नव्हता. त्याच्या पाठीवर आणि दंडावर चट्टे आले. आरोग्य केंद्रातील माणसाने रोग ओळखला, गोळ्यांचे पाकीट दिले आणि दोन वर्षांत तू पूर्ण बरा होशील असे सांगितले. त्याने सहा महिने गोळ्या इमानाने घेतल्या. पण क्लोफाझिमिनचा एक गुणधर्म आहे : त्याने कातडी तांबूस काळी पडते. औषध थांबविल्यावर हा रंग हळूहळू जातो, परंतु तोवर तो लपविता येत नाही. गिरणीत कुजबुज सुरू झाली. पाण्याच्या माठाजवळ त्याला कोणी येऊ देईना. आमच्यातील काही सभासद आमच्याकडे आले आणि म्हणाले, ''भाऊ, त्याचा माठ येगरा करून द्या.''

आम्ही काय केले? माठ वेगळा करा असे आम्ही म्हटले नाही. पण करू नका असेही म्हटले नाही. दरवाढीचा लढा ऐन भरात होता आणि एकी मोडेल अशी आम्हांस भीती होती. आठ दिवसांनी मुकादमाने त्याला हजेरीवर घेणे बंद केले. आम्ही त्याच्या घरी गेलो. गोळ्या घेतोस ना, असे विचारले. तो म्हणाला, ''गोरी खाल्ली का अंग कारं पडते जी. मंग लोकं इचारतेत. गोरीच सोडून देल्ली.''

पुढे त्याला प्रतिक्रिया उठली. कोपराची नस सुजली, हात रात्रंदिवस ठणकू लागला. अशा वेळी ताबडतोब प्रेड्निसोलोन सुरू केले तर नस बहुधा वाचते. मूळ गोळ्याही थांबवावयाच्या नसतात. पण ज्याने लोकांच्या भीतीने आरोग्य केंद्राची वाटच सोडली, त्याला हे सांगणार कोण? दोन बोटे हाताशी वळली ती वळलीच. आमचा दरवाढीचा लढा यशस्वी झाला. वाढीव दराने कट्टे वाहावयाला तो मात्र नव्हता. तो हात जंतूने नेला असे आम्हांस म्हणता येईना. त्याच्यासाठी औषध तयार होते, मान्यताप्राप्त होते, आणि फुकट होते. आमच्या माठाने तो हात नेला.

तेव्हापासून आम्ही या रोगाविषयी मिळेल ते वाचू लागलो. सरकारी परवानगी ही पोकळ गोष्ट आहे, असा या कथेचा अर्थ कोणी काढू नये; तो मोठा घात होईल. याच रोगाच्या इतिहासात त्याविषयीचाही एक धडा आहे. थॅलिडोमाइड नावाची झोपेची गोळी १९५७ साली पश्चिम जर्मनीत बाजारात आली. निर्धोक म्हणून तिची जाहिरात झाली आणि गरोदर स्त्रियांनीही ती घेतली. जगात दहा हजारांहून अधिक बालके हातापायांवाचून किंवा इतर व्यंगे घेऊन जन्मास आली, तेव्हा १९६१ च्या अखेरीस ती मागे घेण्यात आली. अमेरिकेत मात्र फ्रान्सिस केल्सी या तपासणी अधिकारी बाईंनी पुरावा अपुरा आहे म्हणून परवानगी दिली नव्हती. कंपनी पुनःपुन्हा तगादा लावीत होती. बाई हलल्या नाहीत. तपासणीच्या खुर्चीवरील माणसाने 'अजून नाही' असे म्हणण्याची किंमत किती असते, हे त्यावरून जगाला कळले. १९६२ साली अमेरिकेने कायदा कडक केला आणि औषध निर्धोक आहे एवढेच नव्हे, तर ते गुणकारी आहे याचाही पुरावा मागण्यास आरंभ केला. आपल्याकडे औषधांचा कायदा १९४० सालचा आहे. नव्या औषधाच्या चाचण्यांचे नियम १९८८ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये घालून देण्यात आले.

पुढची हकीकत याहून विलक्षण आहे. १९६४ साली जेरुसलेम येथे डॉ. शेस्किन यांच्याकडे असाच प्रतिक्रियेने तळमळणारा एक कुष्ठरोगी होता. त्याला झोप यावी म्हणून डॉक्टरांनी हाताशी असलेली थॅलिडोमाइड दिली. झोप तर आलीच. पण थोड्याच दिवसांत अंगावरच्या लाल, दुखऱ्या गाठीही विरून गेल्या. गोळी जंतूला मारीत नव्हती. खवळलेल्या प्रतिकारशक्तीला आवरीत होती. ज्या अमेरिकेने ती गोळी दाराबाहेर ठेवली, त्याच अमेरिकेने १९९८ साली या एका व्याधीसाठी तिला परवानगी दिली. परंतु गर्भाला धोका पोहोचणार नाही यासाठी अत्यंत कडक अटी घालून. तेच औषध, परंतु कोणाला, कशासाठी आणि कोणाच्या देखरेखीखाली द्यावयाचे, हे बदलले की विषाचे औषध होते आणि औषधाचे विष होते. डॅप्सोनच्या बाबतीतही आपण हेच पाहिले. म्हणून परवानगी ही कागदावरची औपचारिकता आहे असे म्हणणाऱ्याच्या नादी लागू नये, आणि चमत्कारी औषध म्हणून विनापरवाना जे काही विकले जाते, त्याच्याही नादी लागू नये.

परंतु शास्त्राने आणि सरकारने होकार दिल्यावरही आणखी एक होकार बाकी राहतो. तो शेजाऱ्याचा, सहकाऱ्याचा, मालकाचा आणि मुकादमाचा. या होकाराला शिक्का नाही, तारीख नाही, आणि तो मिळविण्यासाठी अर्ज करावयाचे कार्यालय नाही. इतिहास पाहता हाच होकार सर्वांत उशिरा आला. खात्रीची औषधपद्धती १९८१ साली सांगितली गेली, आणि १८९८ चा कायदा संसदेने रद्द केला तो २०१६ साली. म्हणजे रोग बरा होऊ लागल्यावरही पस्तीस वर्षे तो कायदा पुस्तकात पडून होता. जोडीदाराला कुष्ठरोग आहे हे घटस्फोटाचे कारण वैयक्तिक कायद्यांतून गेले ते २०१९ साली. औषधाची गोळी प्रयोगशाळेतून खेड्यात लवकर आली. कायद्याची दुरुस्ती दिल्लीतून निघावयाला त्याहून अधिक वेळ लागला. आणि माठाजवळची दुरुस्ती कित्येक ठिकाणी अजून व्हावयाची आहे.

रोग संपला आहे, मग हे उगाळता कशाला, असे कोणी विचारील. तो संपलेला नाही. २०२३ साली जगात सुमारे १,८२,८०० नवे रोगी नोंदले गेले. त्यांपैकी एक लाख सात हजारांहून अधिक भारतातील होते. दहा हजारांत एकाहून कमी, या आकड्याचा आनंद देशाने केला तो वाजवीच होता. पण सरासरीच्या आड जिल्हे लपतात. तो आकडा साऱ्या देशाचा, आणि आपल्या पूर्वेकडील चार जिल्ह्यांचे दुखणे त्यात मिसळून पातळ झालेले.

नवी साधनेही आली आहेत. रोग्याच्या घरच्या आणि निकटच्या माणसांना रिफाम्पिसिनची एकच मात्रा दिली तर पहिल्या दोन वर्षांत रोग होण्याचे प्रमाण सुमारे ५७ टक्क्यांनी घटते, असे बांगलादेशातील एका मोठ्या प्रयोगात दिसले. तो २००८ साली प्रसिद्ध झाला, आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली या उपायाची शिफारस केली. डॉ. तलवार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्लीत तयार केलेली प्रतिकारशक्ती जागविणारी लसही भारतात मान्यता पावली आहे. परंतु यांतील पहिल्याच उपायाकडे पाहा. निकटच्या माणसांना मात्रा द्यावयाची, तर रोग्याने प्रथम सांगितले पाहिजे की मी रोगी आहे आणि ही माझी माणसे. म्हणजे नव्यातले नवे औषधही त्या जुन्या माठापाशीच येऊन थांबते.

तेव्हा कामगारांनी आणि नागरिकांनी काय करावे? आमच्या संघटनेने पुढे जे केले, तेवढेच सांगतो. त्यात मोठेपणा काही नाही. जे आरंभीच करावयास हवे होते ते उशिरा केले. कामाच्या ठिकाणी कोणाही रोग्याला वेगळे पाणी, वेगळी जागा दिली जाणार नाही, असा ठराव केला आणि पहिल्या दिवशी पदाधिकाऱ्यांनी स्वतः त्याच माठातले पाणी प्याले. दुसरे, हक्क सांगावयास शिकलो. राज्य कर्मचारी विमा योजनेत ज्या दीर्घ आजारांसाठी वाढीव आजारलाभ मिळतो, त्यांत कुष्ठरोग आहे. ठरलेल्या अटी पुऱ्या करणाऱ्या कामगाराला दोन वर्षांपर्यंत सरासरी वेतनाच्या ऐंशी टक्के रक्कम मिळू शकते. १९९५ च्या आणि त्यानंतरच्या २०१६ च्या अपंगांविषयीच्या कायद्यात कुष्ठमुक्त व्यक्तींना स्थान दिलेले आहे. ज्यांच्यासाठी हे केले, त्यांपैकी पुष्कळांना ते कोणी सांगितलेलेच नसते. तिसरे, गोळी सुरू झाल्यावर कातडीचा रंग बदलेल आणि तो पुढे जाईल, ही गोष्ट रोग्याच्या आधी त्याच्या सहकाऱ्यांना समजेल अशी व्यवस्था केली. कोणाचे नाव न घेता, सर्वांच्या सभेत, आरोग्य केंद्राच्या माणसाला बोलावून. ज्याला कारण माहीत आहे, तो कुजबुजत नाही.

तो हमाल अजून आहे. हाताची दोन बोटे वळलेलीच आहेत. त्याने उपचार पुढे पूर्ण केला आणि रोग गेला. अपंगत्वाच्या दाखल्याचा अर्ज भरून घेण्यासाठी तो आमच्या कचेरीत आला होता. काम आटोपल्यावर त्याने पाणी मागितले. कोपऱ्यात माठ होता, वर गडवा होता. तो उठला नाही. कोणी आणून देईल म्हणून बसून राहिला. इतक्या वर्षांची ती सवय. आम्ही म्हटले, ''मामा, माठ तिथे आहे, घ्या ना.'' तेव्हा तो उठला.

श्रोतेहो, आज घरी गेल्यावर दिव्याच्या उजेडात आपले आणि आपल्या माणसांचे अंग एकदा पाहा. फिकट किंवा तांबूस चट्टा असेल, त्यावर पिसाचा स्पर्श कळत नसेल, तर दुसऱ्याच दिवशी आरोग्य केंद्र गाठा. तेथे औषध आहे आणि ते फुकट आहे. आणि असा चट्टा घेऊन कोणी आपल्या शेजारी कामाला उभा असेल, तर त्याला औषध घेण्यासाठी ज्या शेवटच्या होकाराची गरज आहे तो द्यावयाचा की नाही, हे दिल्लीत ठरत नाही, मुंबईतही ठरत नाही. ते त्याच्या शेजारी उभे असलेल्या आपणच ठरवावयाचे आहे.